अनुदानेच्छू डॉक्टरांस हिताचे चार शब्द

तर तुम्हाला आरोग्य-संशोधन करायचंय. तेही सरकारी पैशातून, तेही मुंबईत. घरचे काही बोलले नाहीत? बरोबरच्या मित्राने ठाण्यात दुसरं सोनोग्राफी सेंटर काढलं आणि तुम्ही परळच्या उकाड्यात प्रपोजल लिहीत बसलाय. असो. नाद आहे तर आहे, पण तो रीतसर करा.

प्रश्न जपून निवडा. समजा ओपीडीत लालबागची एक सून येते. पाठ धरलीय म्हणते. बोलता बोलता कळतं की १६० चौरस फुटांच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना तीच उठवते, तीच कूस बदलून देते, आणि त्यापायी तिने नोकरी सोडलीय. तुमच्या डोक्यात लगेच वळवळ सुरू होते: अशा किती जणी असतील? या शुश्रूषेची किंमत नेमकं कोण मोजतंय? हा प्रश्न तिथल्या तिथे गिळून टाका. आरोग्य खातं म्हणेल, हा सामाजिक न्यायाचा विषय. सामाजिक न्याय खातं म्हणेल, पाठ दुखतेय ना, मग आरोग्याचा. राज्याकडे गेलात तर 'केंद्राची काही योजना आहे का बघा' म्हणतील. केंद्राकडे गेलात तर आरोग्य हा राज्याचा विषय असल्याची घटनात्मक आठवण करून देतील. महापालिका चहा पाजेल.

त्यापेक्षा त्याच बाईच्या पाठीला एक सेन्सर चिकटवा आणि शीर्षकात 'कृत्रिम बुद्धिमत्ता', 'स्वदेशी' आणि 'विकसित भारत' हे शब्द जमेल तिथे बसवा. सासूबाईंची कूस कोण बदलतंय ते कळणार नाही, पण ते आता कुणी विचारलेलंही नाही.

हातपाय गळाले तर इतिहास वाचावा, मात्र बेताने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा जंतुशास्त्रज्ञ हाफकिनसाहेबांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. ऑक्टोबरात प्लेगच्या लशीच्या कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच लस टोचून घेतली. अवघे तीन महिने! आज तीन महिन्यांत फाइलला जावक क्रमांक पडला तरी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटावेत. शिवाय एका कारकुनावर एवढं काम उरकलं, हे उदाहरण कार्यालयात कुणापुढे काढू नका. उगाच मनं दुखावतात. स्वतःला टोचून घेणं तर सोडाच, आता एथिक्स कमिटी आहे. आणि थट्टा बाजूला ठेवून सांगतो, या सगळ्या वाटेवर 'पेशंटचं काय?' असं विचारणारी तेवढी एकच खोली आहे. तिथे वेळ गेला तर जाऊ द्या. बाकी सगळीकडे 'हेड कोणता?', म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, एवढाच प्रश्न असतो.

देशाच्या वैद्यकीय संशोधनाचा कारभार बघणाऱ्या परिषदेची (आयसीएमआरची) मूळ संस्था १९११ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक परळच्या प्लेग प्रयोगशाळेतच भरली होती. आता मुख्यालय दिल्लीत आहे. परळहून दिल्लीला प्रपोजलं जातात आणि दिल्लीहून परळला हरकती येतात.

सरकारला संशोधनाची कळकळ नाही, असं मात्र चुकूनही म्हणू नका. २०१३ च्या विज्ञान धोरणात राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के संशोधनावर खर्चायचा संकल्प आहे. प्रत्यक्षात २०२०-२१ मध्ये अग्निबाणापासून बियाण्यांपर्यंत सगळं धरून ०.६४ टक्के झाला. २०१७ च्या आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. २०२५ ठरल्याप्रमाणे आलं. अडीच टक्के मागाहून येताहेत.

आणि २०२३ मध्ये तर थेट कायदा करून राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान काढलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी! आकडा ऐकून हुरळू नका, तपशील वाचा. त्यातले १४,००० कोटी सरकार घालणार आणि ३६,००० कोटी उद्योगपती, दानशूर मंडळी वगैरे यांच्याकडून यायचे आहेत. म्हणजे लग्नाची पत्रिका छापली, हॉल ठरवला आणि हॉलचं भाडं आहेराच्या पाकिटांतून द्यायचं. जमेलही, कुणी सांगावं. तुम्ही मात्र घरून डबा आणत चला.

आता मंजुरी आली असं धरू. (धरायला काय जातंय?) एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत घेण्याची कला पाहायची तर करव्यवस्थेकडे बघा. सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती. जुलै २०२२ मध्ये ती काढून १८ टक्के केला. त्यानंतर काही नामवंत संस्थांना अनुदानाच्या रकमेवरच कराच्या नोटिसा गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने अनुदानाला माफी दिली तेव्हा लोकांनी आनंद व्यक्त केला, तोही एकमेकांचं अभिनंदन करून. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पाने प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयातशुल्क १० वरून १५० टक्क्यांवर नेलं आणि थोड्याच दिवसांत, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपुरतं, पुन्हा १० वर आणलं. त्या मधल्या दिवसांत ज्यांनी ऑर्डर दिली नाही तेच खरे दूरदृष्टीचे शास्त्रज्ञ. आळसालाही कधीतरी मान मिळतो.

खरेदी जेम या सरकारी खरेदी-पोर्टलवरून. तिथे खुर्ची मिळते, झाडू मिळतो. तुम्हाला हवी ती अँटिबॉडी मिळत नाही. मग 'मिळत नाही' असा दाखला त्याच पोर्टलवरून काढायचा. मिळालीच तर एल-वनची, म्हणजे सगळ्यांत स्वस्त. ती चालत नाही हे सहा महिन्यांनी कळतं, आणि हाच तुमचा पहिला निष्कर्ष. जून २०२५ मध्ये नियम सैल झाले, संस्थाप्रमुखांना पोर्टलबाहेर खरेदीची मुभा मिळाली. ते परिपत्रक तुमच्या भांडार विभागात पोचलं का, हे विचारायला स्वतः जाऊ नका. शिपाईमामांना पाठवा, त्यांना खरं उत्तर मिळतं.

पण सगळ्यांत महत्त्वाचं: आजार निवडताना आर्थिक वर्षाचा अभ्यास करा. मुंबईत नवखे लोक लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, निवडतात. जुलैत दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, त्यातून माणसं चालतात, उंदीरही असतात, पंधरवड्याने वॉर्ड भरतात. विषय सोन्यासारखा. फक्त पहिला हप्ता येतो फेब्रुवारीत. खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा, नाहीतर उरलेली रक्कम परत, आणि 'खर्च करता येत नाही' असा शेरा पुढच्या हप्त्याला आडवा. तेव्हा मार्चच्या रखरखीत उन्हात, पाण्याचा थेंब नसताना, तुम्ही लेप्टोचे किट मागवता. पावसाळा येईपर्यंत त्यांची मुदत संपते आणि ज्या मुलाला नमुने गोळा करायला नेमलं त्याचंही कंत्राट संपतं. पुढच्या जुलैत वॉर्ड पुन्हा भरतो, तुमच्याकडे दुसऱ्या हप्त्याची वाट आणि तीन प्रिंटर असतात. प्रिंटर दर मार्चमध्ये घ्यावाच लागतो. उष्माघात घ्या डॉक्टर, उष्माघात. तो निदान मार्चमध्ये सुरू होतो.

नमुने गोळा करणाऱ्या मुलाचंही ऐकून घ्या. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधक छात्राला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. मुंबईत एवढ्यात माणूस बदलापूरला राहून परळला संशोधन करू शकतो. रक्कम कधी दर महिन्याला येते, कधी दोन-चार महिन्यांची साठून येते. मधल्या काळात आईवडील हीच अनुदान देणारी संस्था, आणि ती यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्चले याचा दाखला, मागत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रात्री साडेदहाला खाद्य घालायचं असतं आणि याला कर्जतची गाडी पकडायची असते. पेशी मेल्या तर त्याला निष्काळजी म्हणा. गाडी चुकली तर कुणाला काही म्हणायचं कारण नाही.

आणि समजा, या सगळ्यातून खरंच काही हाती लागलं? तर आकडा कसा दिसतो ते आधी बघा. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,००० हून अधिक जणांची पाहणी केली, फार मोलाची. त्याच संस्थेच्या कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये १९ टक्के घरांना शौचालयाची सोय नसल्याचं सांगितलं, आणि देश हागणदारीमुक्त झाल्याचं तर २०१९ मध्येच जाहीर झालं होतं. २०२३ मध्ये संस्थेच्या संचालकांचं निलंबन झालं. अधिकृत कारण नोकरभरतीतल्या कथित अनियमितता. दोन्ही गोष्टींचा संबंध जोडायचा नसतो, म्हणून मीही जोडत नाही. तुम्ही टक्केवारी मांडताना 'लक्षणीय प्रगती' हा शब्द आकड्याच्या आधी घाला, झालं.

राहता राहिला अंतिम अहवाल. तो कुणी वाचत नाही ही भीती निराधार आहे; लेखा विभाग शेवटचं पान अक्षर न् अक्षर वाचतो. यूसी फॉर्म १२-अ मध्ये, सनदी लेखापालाच्या सहीशिक्क्यासह. अहवालाच्या दोन प्रती, स्पायरल बाइंडिंग करून, सोबत सीडी. सीडी हल्ली कुठे मिळते म्हणून घाबरू नका, लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. फक्त जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि त्यावर तारीख ३१ मार्चच्या आधीची आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.