प्लग पॉइंट एवढ्या वर का आहेत ओ?

आज दुपारी एक रो हाऊस बघून आलो. सांगलीतच, कोल्हापूर रोडच्या आतल्या बाजूला. कॉलनीचं नाव लिहीत नाही, तिथं राहणारी माणसं आपलीच आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. एजंटचंही लिहीत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा असता तरी हेच बोलला असता.

घर छान होतं, खोटं कशाला बोलू. नवा पिस्ता रंग, ग्रॅनाइटचा ओटा, मागं तुळस आणि कपडे वाळत घालण्यापुरती जागा. लेक वरच्या खोलीत जाऊन तिचं टेबल कुठल्या खिडकीला लागणार हे ठरवून पण आली. मी हॉलमध्ये उभी. मोबाईलची बॅटरी संपत आली होती म्हणून सहज प्लग शोधला. खाली कुठं दिसेना. टीव्हीच्या जागेपाशी नाही, दाराशेजारी नाही. वर बघितलं तर बोर्ड माझ्या डोक्याच्या बरोबरीनं. मग फिरून सगळा खालचा मजला बघितला. एकही पॉइंट छातीच्या खाली नाही. फ्रीजचासुद्धा.

विचारलं, "प्लग एवढ्या वर का आहेत ओ?"

"लहान पोरं असत्यात ना मॅडम घरात. सेफ्टी."

"इथं पाणी आलतं का?"

"छे छे. इथं नाय येत. पलीकडच्या गल्लीपर्यंत आलतं."

सांगलीत कुठंही घर बघायला जा, पाणी कायम पलीकडच्या गल्लीपर्यंतच आलेलं असतं. गेल्या चार महिन्यांत आम्ही अकरा घरं बघितली. मला ती पलीकडची गल्ली एकदा डोळ्यांनी बघायची आहे. अख्ख्या गावाचा पूर एकट्या तिनं झेललाय.

आणि हे मला सांगतो? गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत राहणाऱ्या बाईला? आमच्या घरातले बोर्ड २०१९ नंतर मी स्वतः इलेक्ट्रिशियनच्या मागं उभी राहून वर घेतलेत. त्याला पेन्सिलनं खूण करून दिली होती, इथपर्यंत पाणी होतं, याच्यावर एक वीत सोडून घे म्हणून. दाराच्या तीन बिजागऱ्यांतली वरची चकचकीत आणि खालच्या दोन रंगाखाली फुगलेल्या, याचा अर्थ काय हे मला कुणी शिकवायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. (माहीत असलेल्यांनी पण वाचा, मला आज परत सांगायचंच आहे.) आमच्या घराचा जिना चौदा पायऱ्यांचा. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोर पण सांगतं. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. बाहेरच्यांना वाटतं पूर नदीकडून लाटेसारखा येतो. तसं काही नसतं. आधी बाथरूमच्या जाळीतून येतं, मग गटारीतून, मग उंबऱ्याखालून, आवाज न करता. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, जिन्यात बसून राहिले आणि वर आम्हाला हाक मारून सांगायचे, "पहिली गेली." मग, "दुसरी गेली." रेल्वे स्टेशनवर घोषणा करावी तसं, आवाजात काही नाही. पाचवी गेली तेव्हा बोट आली. सासूबाई आणि मुलांना घेऊन मी बोटीत बसले. आप्पा आणि नवरा मागं थांबले. आप्पा म्हणाले, घर सोडून जायचं तर दाराला कुलूप लावावं लागतं, दार पाण्यात आहे, तेव्हा मी काही येत नाही. याच्यावर काय बोलणार?

पुढच्या पायऱ्या मी फोनवर ऐकल्या. वीज नव्हती, पॉवर बँक एकच, म्हणून दिवसातून एकच फोन. हॅलो नाही, जेवलीस का नाही. "सातवी गेली." फोन बंद.

तो फोन मी घ्यायचे विश्रामबागला, बहिणीच्या गॅलरीत उभी राहून. इथून माझं डोकं फिरतं, आधीच सांगते. तिथं सगळं नेहमीसारखं चालू होतं. भाजीवाला, आइस्क्रीमचं दुकान, संध्याकाळी फिरायला निघालेल्या बायका. एक काका सोसायटीच्या गेटवर मला म्हणाले, "काय, पूर बघून आलात काय? आम्ही आज जाणार आहे." पूर बघायला जाणार! गाडीवर बसून, फोटो काढायला, आणि वाटेत भेळ खायला. बरं, हेही लिहायला हवं की त्याच सोसायटीतल्या बायकांनी सहा दिवस चपात्या लाटून पोचवल्या आणि मीही त्यातल्याच खाल्ल्या. लिहिलं. पण ते काका मी विसरलेले नाही.

तर आता मुद्दा घर कुठं घ्यायचं हा. माझी शाळा मिरजेत, नवऱ्याची कंपनी कुपवाड एमआयडीसीत, लेक आठवीत, तिचे क्लास विश्रामबागला, आणि आप्पांचा जीव गावभागात. एकच महापालिका, १९९८ पासून सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही गावं एकत्र, पण घर घेतो म्हटलं की प्रत्येक जण तिन्ही गावं परत वेगळी करून देतो.

आमच्या नणंदबाईंना कुपवाड म्हटलं की ठसका लागतो. "कुपवाडला? अगं तिकडं सगळी कामगार वस्ती." मग? त्यांचा भाऊ काय करतो? रोज सकाळी डबा घेऊन कुपवाडलाच जातो ना? पगार कुपवाडचा चालतो, पत्ता चालत नाही. दर आमच्या आवाक्यात आहेत, नवऱ्याला कंपनीत चालत जाता येईल, आणि कृष्णामाईनं तिथं पाऊल टाकलेलं नाही. हां, गुंठेवारीचं, म्हणजे बिनपरवानगी गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचं लफडं आहे, मान्य. २००१ चा कायदा आहे, प्लॉट नियमित करून घेता येतो, पण कागद पुरे होईपर्यंत बँकवाला तुम्हाला दारात उभं करत नाही. आणि एक बोअर बघितला त्याचं पाणी चहालासुद्धा चालेना. हे सगळं बघायला हवं. पण "तिकडं कोण राहतं" हे बघायला नको.

मिरजेचं तर बोलूच नका. मी मिरज म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. "नाही, तसं काही नाही, पण... वातावरण." काय वातावरण? रोज सकाळी मी मिरजेत उतरते, मला तर वातावरणात फक्त स्टेशनच्या चहाचा वास येतो. दुखलं-खुपलं की सगळी सांगली मिरजेलाच पळते, डॉक्टर मिरजेचा चालतो. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवला, आमची मिरज म्हणून. तीच आमची मिरज घर घ्यायच्या वेळी "तिकडं" होते. कृष्णाघाटाची बाजू सोडली तर गाव कोरडं आहे. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी पाठवलं ते याच मिरजेतून. गावाला पाणी भरून देता येतं आणि घरात शिरत पण नाही, अजून काय पाहिजे माणसाला?

विश्रामबाग... विश्रामबागला मी नाही म्हणत नाही. विलिंग्डन कॉलेज आहे, वालचंद कॉलेज आहे, रस्ते रुंद आहेत, पाणी येत नाही. पण आमच्या ४५ लाखांत तिथं जे मिळतं त्याची खिडकी उघडली की शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आणि नावाची हाव किती? तिथून दोन किलोमीटर लांब रानात स्कीम पडली तरी बोर्डावर "विश्रामबागजवळ". "गावभागाजवळ" असा बोर्ड कुणी लावलेला बघितलाय?

मला मनातून विचाराल तर हरिपूर. लहानपणी बाबा संगमावर घेऊन जायचे, कृष्णा आणि वारणा, देवळापुढचा घाट, रस्त्याला चिंचेची झाडं. तिथं एक जुनं घर बघितलं, मागं परसात सोनचाफा. मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं, आणि दोघंही न बोलता गाडीवर बसलो. तिथली जमीन अशी की हळदीची पेवं वर्षानुवर्षं कोरडी राहायची. जमिनीत खड्डा, त्यात हळद, वरून लिंपून घ्यायचं, काही होत नसे. २००५ ला त्या पेवांत पाणी शिरलं. ज्या मातीच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांनी माल ठेवला, तिनंही हात टेकले. सोनचाफा राहू दे.

नगररचनाचा नकाशा बघा म्हणतात लोक. बघितला. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्या जिन्यात २००५ ला तीन पायऱ्या गेल्या (माझ्या लग्नाआधीचं, सासूबाईंनी सांगितलेलं), २०१९ ला नऊ, २०२१ ला चार. सोळा वर्षांत तीन वेळा. जिन्याला नकाशा वाचता येत नाही बहुतेक. पण तरी बघा हं नकाशा, पलीकडच्या गल्लीवर विसंबण्यापेक्षा तो बरा.

नवरा म्हणतो घर तुझ्या नावावर घेऊ. कौतुक वाटून घेऊ नका, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे म्हणून.

लिहिता लिहिता साडेअकरा वाजले. राग थोडा उतरलाय. आणि आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

नवं घर घ्यायचं तर हे विकावं लागणार. रविवारी एक जोडपं बघायला येतंय. बदली होऊन आलेत, मूळचे जत तालुक्यातले. फोनवर ती मुलगी म्हणाली, "ताई, पाण्याची काही अडचण नाही ना? आमच्याकडं उन्हाळाभर टँकरच असायचा." मी म्हणाले, "छे, पाण्याची काहीच अडचण नाही." बोलताना माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही मी काय बोलले ते.

संध्याकाळी जेवताना मी आप्पांना आजच्या एजंटची गोष्ट सांगत होते, अगदी नक्कल करून. लहान पोरं असत्यात ना मॅडम, सेफ्टी. मुलं हसली. आप्पा पण हसले. मग त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि वर बोर्डाकडं बघितलं. "आणि आपले का वर आहेत, ते रविवारी कोण सांगणार?"

कुणीच बोललं नाही. कारण आमचं ठरलं होतं. नवऱ्याचं आणि माझं. विचारलं तरच सांगायचं, नाहीतर जुन्या घरात असंच असतं म्हणायचं. गेल्या महिन्यात खालचा मजला रंगवून घेतला, तोही त्याचसाठी. फिकट पिस्ता नाही, क्रीम घेतला, एवढाच काय तो फरक. आणि नवव्या पायरीशेजारी भिंतीवर आप्पांनी पाणी उतरल्यावर खिळ्यानं कोरून ठेवलं होतं, "९ वी, ऑगस्ट १९". रंगाऱ्यानं विचारलं, वहिनी, हे भरून घेऊ काय? मीच म्हणाले, घे.

आप्पा तेव्हा काही बोलले नव्हते. आम्हाला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नाही. दिवसातून चार वेळा त्याच जिन्यानं वर-खाली करणारा माणूस, भिंतीला हात लावत.

आता मला कुणीतरी सांगेल की खरं सांगितलं तर किंमत पडेल. पडेल. माहितीये. चार-पाच लाखांचा फरक पडेल आणि मग विश्रामबागेची कुकरवाली खिडकी पण परवडणार नाही. सगळा हिशेब मी केलाय, कागदावर, दोनदा. मिरजेत किंवा कुपवाडला, पण उंचावर, कुणाच्या ओळखीत कागदपत्रं स्वच्छ असलेलं घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर मेसेज करा. एजंट नको. प्लग कुठं आहेत ते आधी सांगा.

हे टाईप करत असताना आप्पा खोलीतून उठून आले. मला वाटलं पाणी प्यायला. जिन्यात जाऊन उभे राहिले, भिंतीवरून हात फिरवला, नेमका तिथंच. "रविवारी किती वाजता येणारेत ती माणसं?"

"साडेदहा म्हणालेत, आप्पा."

"बरं. उद्या एक खिळा काढून ठेव. आणि हातोडी."

हातोडी सापडत नाहीये. माळ्यावर बघितलं, ओट्याखाली बघितलं. रंगारी घेऊन गेला की काय कुणास ठाऊक.