लॅपटॉपला म्हातारं करताना

१९९४ साली आलेल्या 'पॅन्झर जनरल' या दुसऱ्या महायुद्धावरच्या, पाळीपाळीने चाली करायच्या कॉम्प्युटर गेमपायी मी इंजिनीअरिंगचा एक पेपर घालवला. (बाकीचे स्वकर्तृत्वावर.) परवा माळ्यावर त्याची सीडी सापडली आणि पन्नाशीतल्या सेनापतीला रणांगण पुन्हा खुणावू लागलं.

नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागवला. तर लॅपटॉप ६४ बिटी, खेळ डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जमान्यातला; दोघं एकमेकांना ओळखही दाखवेनात. शेवटी मध्यस्थ म्हणून 'डॉसबॉक्स' आणला. हा जुन्या कॉम्प्युटरचं सोंग वठवतो, पण आधी "अमुक फोल्डरला सी ड्राइव्ह समज" अशी त्याची लेखी समजूत काढावी लागते. दोन रात्री त्यातच गेल्या. पोलंड त्यामानाने लवकर पडला.

मोहीम खेळायची तर जर्मनांच्याच बाजूने. तेव्हा खटकलं नव्हतं, आता खटकतं. मग सुटी लढाई निवडून मित्रराष्ट्रांकडे गेलो.

तेव्हा मामाच्या ४८६ कॉम्प्युटरवर शत्रूची पाळी आली की मी चहा टाकायचो. कप विसळून येईपर्यंत त्याचा विचार चालायचा. आता डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पाळी संपते आणि नकाशावरच्या षटकोनातला आपला रणगाडा नाहीसा झालेला असतो. कोणी मारला, कुठून मारला, काही पत्ता नाही. उपाय एकच: कंट्रोल आणि एफ११ दाबत वेग कमी करायचा. साठ हजारांचा लॅपटॉप घेऊन मी त्याला हळू कसं चालायचं ते शिकवत होतो.

शेजारी लेक येऊन बसली.

"बाबा, हँग झालंय."

"हँग नाही गं, माझी पाळी आहे."

"मग ते सगळे नुसते उभे? तुला कोणी गोळ्या घालत नाही?"

"मी चाल संपवेपर्यंत नाही."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की रणगाड्यांऐवजी मी घोडदळ घेऊन निघालोय.

"अहो, पानं वाढलीत!" आतून हाक आली.

"शेवटची चाल!" हे वाक्य पूर्वी आईला ऐकवायचो.

पण आमटी निवलेली चालत नाही, शत्रू निवला तरी चालतो. उठलो. जेवलो, ताटं घासली, हात पुसत परत आलो. शत्रू इमानाने थांबलाच असता. लॅपटॉप मात्र अपडेट होऊन नव्याने सुरू झाला होता, आणि लढाई मी कुठे सेव्ह केली होती?