स्टॅम्प पेपरवर सही घेतली म्हणून मालक सुटत नाही

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'नवे लेबर कोड आले, मालक सुटला!' त्यातला सल्ला थोडक्यात असा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर कुठलाच कायदा लागत नाही. ठेकेदाराचा माणूस ही ठेकेदाराची डोकेदुखी. प्रत्येक कामगाराकडून शंभराच्या स्टॅम्पवर 'अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही' असं लिहून घ्या. चूक कामगाराची असेल तर भरपाई शून्य. नेमणूकपत्र देऊ नका. आणि इन्स्पेक्टर आता येऊच शकत नाही.

भोसरी, तळवडे, चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांची पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची कामं मी करतो. माझं बिल मालकच देतात, त्यामुळे हे युनियनचं पत्रक आहे असं कुणी समजू नये. मालकांच्या बाजूने बोलायचं तरी हा मेसेज घातकच आहे.

आधी वीसचा आकडा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता (मेसेजमधले 'लेबर कोड') लागू झाल्या, हे खरं. वीज वापरणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला आता वीस कामगार लागतात, हेही खरं. पण ही झाली कारखान्याची व्याख्या. ईएसआय दहा माणसांपासून सुरू होतो. चारपैकी एक असलेल्या सुरक्षा संहितेतली 'आस्थापना', म्हणजे ती संहिता जिथे लागते अशी कामाची जागा, दहापासून. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही दहापासूनच. किमान वेतन तर एकाच माणसाला ठेवलं असलं तरी द्यावं लागतं. आणि कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचं म्हणाल, तर जिथे माल तयार होतो अशा जागेवर किती माणसं आहेत हे कायदा विचारतच नाही.

शिवाय माणसं मोजतानाच गफलत होते. हजेरी पुस्तकात बारा, आणि ठेकेदाराची नऊ 'आपली नव्हेत' म्हणून सोडून दिलेली. मोजणीत ती धरली जातात. बारा अधिक नऊ म्हणजे एकवीस, आणि तुमचं शेड कारखाना ठरलेलं असतं.

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे, तर तोही संपवू. सुरक्षा संहितेने कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास माणसांवर नेली. त्या तरतुदी मुख्यतः ठेकेदाराचं लायसन्स वगैरेच्या. तुमच्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलंत आणि त्यात माणूस जखमी झाला, तर तो थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. तुम्ही ती द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. हे 1923 च्या भरपाई कायद्यात होतं आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. दुसऱ्या दिवशी मोबाइल बंद करून गावी गेलेल्या ठेकेदाराकडून ती कशी वसूल होणार, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता तो स्टॅम्प पेपर. लिहिणाऱ्याला शंभराचाच स्टॅम्प आठवतोय. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक करारांना पाचशेचा लागतो. पण पाच हजारांचा घेतलात तरी फरक पडत नाही. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं कायद्यात गेली शंभर वर्षं स्पष्ट लिहिलेलं आहे. उलट असा कागद मालकाच्याच अंगाशी येतो. धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि मशीनवर गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेला आडोसा) बसवण्याऐवजी तुम्ही सही घेत बसलात, याचा लेखी पुरावा तुम्हीच फाइलला लावून ठेवलेला असतो.

रकमेचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून हिशेब मांडतो. कामगार तीस वर्षांचा, पगार महिना 15,000. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे, म्हणजे 7,500, गुणिले कायद्यातल्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक 207.98. होतात 15,59,850 रुपये. आता पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, नेहमी होणारा अपघात घ्या. तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता 14 टक्क्यांनी घटली असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. इथे पगाराचे 60 टक्के धरायचे, म्हणजे 9,000 गुणिले 207.98, आणि त्याचे 14 टक्के. 2,62,000 च्या थोडं वर जातं. एका बोटाचं. ही रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा.

त्याच माणसाचा ईएसआय भरायला मालकाला महिन्याला किती पडतं? सव्वातीन टक्के, म्हणजे 487 रुपये 50 पैसे. कामगाराचे पाऊण टक्का. विमा असलेल्या कामगाराला कामावर अपघात झाला तर दवाखाना, अपंगत्वाचा लाभ, मृत्यू झाल्यास घरच्यांचं पेन्शन हे सगळं ईएसआय महामंडळ बघतं आणि भरपाईचा बोजा मालकावरून उतरतो. मालकाला खरंच 'सोडवणारा' कागद असेल तर तो हाच, आणि नेमका तोच टाळायला मेसेज सांगतोय. काही जण अपघात झाल्यावर घाईघाईने ऑनलाइन नाव चढवतात. सकाळी साडेदहाला बोट गेलं आणि नोंदणी दुपारी दोनची, हे कुणाच्या लक्षात येत नाही असं त्यांना वाटतं. नोंदणीच केली नसेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन पैसे मालकाकडून वसूल करू शकतं.

'चूक कामगाराचीच' हा मुद्दा शॉप फ्लोअरवरच तपासावा. जुन्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम (वरून येणारा दाबाचा भाग) खाली यावा, म्हणजे दोन्ही हात डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर राहतात. प्रत्यक्षात एका बटणावर चिकटपट्टी मारून ते कायमचं दाबलेलं असतं, कारण तसं केलं की तासाला नग जास्त निघतात. पट्टी कुणी मारली? ऑपरेटरने. कुणाला माहीत होती? सुपरवायझरला, आणि नगांचा आकडा रोज बघणाऱ्या मालकालाही. कायद्यात मालकाच्या बाजूने पळवाटा आहेत: कामगार दारू पिऊन होता, स्पष्ट दिलेली सुरक्षेची सूचना त्याने जाणूनबुजून मोडली, किंवा गार्ड जाणूनबुजून काढला. पण सूचना दिली होती हे सिद्ध मालकाने करायचं. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या पळवाटाही बंद. दारू पिऊन होता हे शाबीत झालं तरी भरपाई द्यावीच लागते.

पैशाने मिटत नाही असाही एक भाग आहे. सुरक्षेचं कर्तव्य पाळलं नाही म्हणून कामगाराचा जीव गेला, तर सुरक्षा संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी पाच लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली निदान अर्धी रक्कम घरच्यांना द्या, असं न्यायालय सांगू शकतं. पोलिसांचा गुन्हा वेगळा: भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कलमात ती दोन होती. कुठलीही विमा पॉलिसी तुमच्याऐवजी आत जाऊन बसत नाही. 7 जून 2021 ला मुळशीतल्या उरवडे इथल्या कारखान्याला आग लागून पंधराहून जास्त कामगार गेले, बहुतेक पॅकिंगवरच्या बायका. तेव्हाही गुन्हा दाखल होऊन अटक झालीच.

इन्स्पेक्टरबद्दल फार लिहीत नाही. त्याचं नाव आता 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालंय आणि कुठे तपासणी करायची हे बरंचसं संगणक ठरवतो. मृत्यू झाला की चौकशी तरीही होतेच.

राहिलं नेमणूकपत्र. ते आता प्रत्येक कर्मचाऱ्याला देणं सक्तीचं आहे, तेव्हा 'देऊ नका' हा सल्लाच बेकायदा. आणि न दिल्याने माणूस 'आपला नव्हे' असं होत नाही. दर महिन्याच्या सातला फोनपेवर गेलेला पगार, गेटवरचा कॅमेरा, शेजारच्या मशीनवरचा सहकारी, एवढं त्याला पुरतं. कागद नसल्याचा तोटा होतो तो तुम्हालाच: पगार किती ठरला होता, कामावर कधी आला, हे तो सांगेल ते खोडायला तुमच्या हातात काही नसतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एका पानाचं पत्र करून देतो, मराठीत, आणि परप्रांतीय असेल तर हिंदीत. त्यात नाव, हुद्दा, पगार, रुजू तारीख, कामाचे तास, ईएसआय आणि पीएफचा नंबर. खाली दोन ओळी: कुठलं मशीन चालवायचं, आणि ते कुणी, कुठल्या तारखेला शिकवलं. या दोन ओळींवर सही घेताना बऱ्याच मालकांच्या लक्षात येतं की ते मशीन त्या पोराला कुणी शिकवलेलंच नाही.