छातीत कळ आल्यावर वाइन? मुळीच नको

"छातीत दुखू लागलं तर लगेच थोडी रेड वाइन घ्या. रक्तवाहिन्या उघडतात. जुने डॉक्टर हेच द्यायचे," असा एक संदेश खूप फिरतो. सोबत फ्रान्सच्या लोकांचा (ते वाइन पितात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो) आणि द्राक्षाच्या सालीचा दाखला असतो. यावर विसंबून कुणी दवाखान्यात जायला तासभर उशीर केला तर जीव जाऊ शकतो, म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

जुने डॉक्टर वाइन द्यायचे, हे खरं आहे. लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी १७७२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात अँजायनाचं नेमकं वर्णन केलं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर छातीत येणारी, थांबलं की जाणारी कळ. रात्रीच्या कळांसाठी त्यांनी झोपताना वाइन सुचवली. पण अफूइतका गुण कशानेच येत नाही, हेही त्यांनी तिथेच लिहिलं आहे. संदेशातून नेमकं हेच गळतं. अफू दुखणं जाणवू देत नाही. हृदयाचा अडलेला रक्तपुरवठा ती मोकळा करत नाही. त्या काळी कळ का येते हेच ठाऊक नव्हतं. रुग्णाला बरं वाटलं की औषध लागू पडलं, एवढीच कसोटी हाताशी होती. अँजायनावर नायट्रोग्लिसरीन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, वापरता येतं हे विल्यम मरेल यांनी मांडलं ते १८७९ साली.

"रक्तवाहिन्या उघडतात" हा दावा विसाव्या शतकातही बरेच डॉक्टर मानत होते. मग तो तपासला गेला. अमेरिकी डॉक्टर रसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अँजायनाच्या रुग्णांना व्हिस्की देऊन व्यायाम करायला लावला आणि ईसीजी काढला. दुखणं कमी जाणवलं, पण हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ईसीजीतली चिन्हं तशीच राहिली. नायट्रोग्लिसरीनने मात्र ती सुधारली. १९७६ च्या एका छोट्या अभ्यासात तर दारू घेतल्यावर व्यायाम करताना कळ आणखी लवकर आली. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, चेहरा लाल होतो, ऊब वाटते. त्यावरून हृदयाचा रक्तपुरवठा वाढला असं समजणं घातक आहे. दुखणं दबतं, हृदयाची उपासमार चालूच राहते, आणि माणूस निर्धास्त होऊन आडवा होतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

फ्रान्सचा दाखला १९९० च्या दशकात गाजला. पण तो लोकसमूहांच्या तुलनेतून आला होता. चालू असलेल्या कळीवर वाइन द्यावी, असं त्यातून कधीच निघत नव्हतं. शिवाय अशा तुलनांमध्ये "न पिणारे" म्हणून धरलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही असतात, त्यामुळे पिणारे निरोगी भासतात. आणि द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरट्रॉल, ज्याला हृदयासाठी गुणकारी म्हटलं जातं? ते लिटरभर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, आणि प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम वापरतात.

"थोडीशी घेतली तर काय बिघडतं?" जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवलेली असताना दारू पोटात असेल तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. दारूने हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात. आणि दुखणं खरोखर पित्ताचं असलं, तरी दारूने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावते आणि जळजळ वाढते.

छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, श्वास अपुरा पडणं, यांपैकी काहीही अचानक सुरू झालं तर बसा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात दुखणं फार कमी असू शकतं. नुसती मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवाही हार्ट अटॅकचा असू शकतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती औषधाने विरघळवावी लागते किंवा अँजिओप्लास्टीने वाट मोकळी करावी लागते. तोवर दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.