सरळ गडगडणारी पेन्सिल

"तुम्ही पेन्सिली अशा घेता?"

प्रश्न मला होता. विचारणारे गृहस्थ माझे कोणीही लागत नव्हते. स्टेशनरीच्या काउंटरवर ते माझ्या शेजारी उभे होते, एवढाच आमचा संबंध. पण आवाज असा, की ही बाई पेन्सिली नेमक्या कशा घेते आहे ते बघायला मागची अख्खी रांग पुढे वाकली. मी खोक्यात हात घालून हाताला आल्या त्या उचलल्या होत्या. माणसं पेन्सिली अशाच घेतात, अशी माझी आजवरची समजूत.

मी खरेदीला का आले होते ते सांगून टाकते. चिरंजीव दुसरीत आहेत. त्यांच्या डायरीत बाईंनी लाल शाईने शेरा मारला होता : 'अक्षर फिकट व खरबरीत. पाल्यास चांगल्या दर्जाची पेन्सिल द्यावी.' 'चांगल्या दर्जाची'च्या खाली रेघ. त्या रेघेसरशी मुलाचं अक्षर हा मुलाचा प्रश्न राहिला नाही, तो आमच्या ऐपतीचा आणि संस्कारांचा झाला. चांगला दर्जा म्हणजे काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेरा लिहिणाऱ्याकडे पेन असतं, त्याला काय!

बरं, घरी आमचा अभ्यास कसा चालतो ते बाईंना दिसत नाही. दोन शब्द झाले की हाक येते, "आई, टोक गेलं." शार्पनर फिरवावा तर टोक सुरेख निघतं आणि कागदाला टेकवलं की दुधाच्या दातासारखं अख्खंच्या अख्खं सुटून पडतं. पुन्हा फिरवा. पुन्हा सुटतं. अर्धी पेन्सिल कचऱ्याच्या डब्यात जाते तेव्हा वहीत फक्त 'माझे घर' एवढंच उमटलेलं असतं. घराचं वर्णन यायच्या आत पेन्सिल संपते.

तर काका. मी त्यांना काका म्हटलं आणि त्यांनी ते नातं ताबडतोब मनावर घेतलं.

"ताई, आणा इकडे," म्हणत त्यांनी माझ्या हातातल्या पेन्सिली काढून घेतल्या आणि त्यातली एक काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने ढकलली. खडखड करत ती पलीकडे गेली.

"कशी गेली?"

"सरळ गेली."

"आता ही बघा."

"हीपण सरळच गेली की."

"हीपण सरळ?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझ्याच दृष्टीची शंका आली. "नीट बघा. मध्ये उचलली जातेय. लाकूड वाकलंय हिचं. लाकूड वाकलं की आतली कांडी कायम ताणाखाली. पोराच्या हातून एकदा पडली की आतल्या आत तुकडे. मग तुम्ही कितीही टोक काढा, तुकडाच बाहेर येणार."

मी पुन्हा पाहिलं. मला ती पेन्सिलीसारखी पेन्सिल दिसली. रांगेतले एक गृहस्थ मात्र "हो हो, उचलली जातेय खरी," म्हणाले. रांग नेहमी समोरच्याच्या बाजूची असते, हा अनुभव मला नवा नाही.

मग काकांनी एक डोळा मिटला आणि पेन्सिलीचं बूड दुसऱ्या डोळ्यासमोर धरलं. "आता शिसं बघा. मधोमध आहे का? नाही. शार्पनर बिचारा गोल फिरतो, त्याला काय ठाऊक शिसं कडेला बसलंय? एका बाजूने लाकूड पार टोकापर्यंत येतं आणि लिहिताना तेच कागदावर घासतं. म्हणून अक्षर खरबरीत."

डायरीतला नेमका तोच शब्द! हे बाईंचे कोणी नातेवाईक तर नव्हेत, असं क्षणभर मनात येऊन गेलं.

माझा राग आणखी एका गोष्टीसाठी होता. माणूस बरोबर बोलत होता. मी नंतर वाचलं. खाचा पाडलेल्या एका लाकडी पट्टीत कांड्या चिकटवतात, वरून तशीच दुसरी पट्टी दाबून बसवतात आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. खाच जराशी इकडेतिकडे झाली की शिसं कडेला. गोंद नीट धरला नाही की शिसं लाकडातून सुटलं. चुकीचं बोलणाऱ्या आगाऊ माणसाला आपण मनातल्या मनात माफ करू शकतो. बरोबर बोलणाऱ्या आगाऊ माणसाचं काय करायचं?

पुढची पायरी वासाची. काकांनी एक पेन्सिल नाकाशी नेली. "सीडारच्या लाकडाची असती तर वासावरून कळलं असतं. टोक काढताना साल कशी एकसंध निघते! हिला तर नुसता रंगाचा वास." आणि त्यांनी ती माझ्या नाकासमोर धरली. मी शिकलेली, नोकरी करणारी, वेळेवर कर भरणारी बाई भर काउंटरवर पेन्सिल हुंगत उभी राहिले. रांगेतला एक मुलगा आपल्या आईला विचारत होता, "आई, त्या काकू पेन्सिलचा वास का घेतायत?" आईने उत्तर दिलं नाही. तिच्याकडे तरी कुठून असणार?

आपल्यालाही चार गोष्टी कळतात हे दाखवण्यासाठी मी शेजारच्या खोक्यातली तिकोनी पेन्सिल उचलली. "लहान मुलांना ही बरी," मी म्हटलं. "तीन बोटं तीन बाजूंना बसतात. पकड आपोआप नीट होते."

"गडगडवून दाखवा."

मी ढकलली. ती जरा सरकली आणि जागच्या जागी बसली.

"हिची परीक्षा घ्यायची कशी मग?"

"काका, ती गडगडत नाही हाच तिचा गुण आहे. टेबलावरून खाली पडत नाही."

रांगेत कोणीतरी हसलं. त्या दुपारचा माझा एकमेव विजय. पण काकांनी तोही टिकू दिला नाही. "जिची परीक्षाच घेता येत नाही तिला पास कसं करणार?" ते म्हणाले आणि इतका वेळ मुकाट बसलेल्या दुकानदाराने यावर मान डोलावली. तिकोनी पेन्सिली त्याच्याच दुकानातल्या होत्या, पण वक्तृत्वापुढे माणूस धंदासुद्धा विसरतो.

मघाच्या त्या मुलाच्या आईने विचारलं, "पण मुलं पेन्सिल चावतात हो. शिसं पोटात गेलं तर?" काका अशाच प्रश्नाची वाट बघत असावेत. "आत शिसं नसतंच मुळी! ग्राफाइट आणि माती. ते नाही बाधत. काळजी करायचीच तर वरच्या रंगाची करा. पोर आधी रंग खातं. ज्या पाकिटावर रंगाबद्दल एक अक्षर नाही ते घ्यायचं नाही." त्या आईने कृतज्ञतेने मान हलवली. आता काउंटरवर रीतसर शिबिर भरलं होतं आणि त्यातली नापास विद्यार्थिनी मी.

मग तो प्रश्न आला. "तुमचा मुलगा दाबून लिहितो की हलकं?"

मला सांगता येईना. मी वही रोज बघते, शुद्धलेखन तपासते, वेलांट्या मोजते. दाब मोजायचं कोणी सांगितलं नव्हतं.

"आई असून माहीत नाही?"

इथे मात्र मला हसू आलं नाही. या मुलाला वडीलही आहेत. ते त्या वेळी बाहेर गाडीत बसून होते. डायरीतला शेरा त्यांनीही वाचला होता आणि "बघ जरा" म्हणून डायरी माझ्याकडे सरकवली होती. मुलगा दाबून लिहितो की हलकं, हे त्यांना आजवर कोणीही विचारलेलं नाही, पुढेही विचारणार नाही. पेन्सिल हातात धरणारा मुलगा, बनवणारी कंपनी, विकणारा दुकानदार, तपासणाऱ्या बाई. एवढी साखळी असताना चौकशी आईची.

असो. प्रश्न आगाऊ असला तरी बिनकामाचा नव्हता. हलक्या हाताच्या मुलाला टूबी द्यावी, कारण ती मऊ असते आणि कमी जोरात गडद उमटते. पण तिचं टोक लवकर बोथट होतं आणि शब्दावरून हात फिरला की पान काळं होतं. दाबून लिहिणाऱ्याला तिच्याहून कडक एचबी पुरते. ही सगळी मातीची किमया. फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते नावाच्या गृहस्थांनी १७९५ मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं. इंग्लंडशी युद्ध चाललेलं, तिथलं उत्तम ग्राफाइट मिळेना, म्हणून त्यांनी ग्राफाइटची भुकटी मातीत कालवून कांड्या भट्टीत भाजल्या. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकट, माती कमी तर मऊ आणि काळं. आजही हेच चालतं. मात्र एका कंपनीची एचबी दुसरीच्या एचबीइतकीच काळी असेल याची हमी कोणी देत नाही. काहींवर तर एचबीही नसतं, टूबीही नसतं, नुसतं 'एक्स्ट्रा डार्क'. कशापेक्षा एक्स्ट्रा? ते पाकिटावरच्या हसणाऱ्या अस्वलाला विचारा.

या अस्वलांवर माझा खास राग आहे. पेन्सिलीची सगळी कर्तबगारी तिच्या पोटात असते आणि कंपन्यांचा सगळा जीव तिच्या पाठीवर. चमकी, कार्टून, बुडाला डुलणारी बाहुली. बाहुली डुलली की मुलगा तिच्याकडे बघतो आणि 'घर'चा 'घट' होतो. तो खोडायला बुडाचं गुलाबी रबर असावं, तर बाहुलीने ती जागा अडवलेली. एका परीने बरंच आहे म्हणा, कारण ती गुलाबी रबरं खोडत कमी आणि सारवत जास्त. पेन्सिलीला रबर जोडायचं पेटंट हायमन लिपमन यांनी अमेरिकेत १८५८ मध्ये मिळवलं होतं. १८७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. दोन जुन्या वस्तू एकमेकींना जोडल्याने नवा शोध होत नाही, असा एकूण निकाल. माझ्या मते त्या न्यायाधीशांच्या घरी दुसरीतलं एखादं मूल नक्की असणार.

आणि पाकिटाबरोबर फुकट मिळणारा शार्पनर! ज्याने हा फुकट द्यायची टूम काढली त्याला समोर बसवून शुद्धलेखनाचं पान लिहायला लावलं पाहिजे. त्याचं पातं मुळातच बोथट. ते लाकूड कापत नाही, ओरबाडतं आणि शिसाला पिळून तोडतं. मग आपण पेन्सिलीला नावं ठेवतो आणि नवं पाकीट घेतो, ज्यात आणखी एक तसाच शार्पनर. यात कोणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. पण डाव असता तर तो याहून वेगळा दिसला नसता. चांगल्या, धारदार शार्पनरला वेगळे पैसे मोजा, हे मी हात जोडून सांगते. निम्म्या घरांत पेन्सिल निर्दोष असेल.

इकडे काउंटरवर काकांचं काम संपत आलं होतं. त्यांनी खोकं पार तळापर्यंत उपसलं होतं. प्रत्येक पेन्सिल गडगडवली, बूड तपासलं, दोन ढीग केले. उजवीकडे पास, डावीकडे नापास. पास झालेल्या मोजक्याच निघाल्या. माझा राग हळूहळू वितळला. एक परका माणूस आपला वेळ खर्चून आपल्या मुलासाठी एकेक पेन्सिल पारखतो, आजकाल कोण करतं एवढं? मी आभाराचे शब्द जुळवत पर्स उघडली.

काकांनी उजवीकडचा ढीग उचलला, त्याला रबरबँड लावला आणि दुकानदाराला म्हणाले, "माझ्या या एवढ्याच. शब्दकोडी सोडवायला लागतात हो." मग माझ्याकडे वळून, अत्यंत मायेने : "तुम्ही आता त्यातल्या निवडून घ्या. कशा बघायच्या ते सांगितलंच आहे."

रांगेला घाई झाली होती. मी डावीकडचा ढीग घेतला. वाकडा, कडेला शिसं असलेला, जाहीर रीतीने नापास झालेला. दुकानदाराने त्याचे पूर्ण पैसे लावले. मी घासाघीस केली नाही, कारण कोणत्या तोंडाने करणार? दोष मलाच नुकते समजले होते, त्याला ते आधीपासून माहीत असणार.

वर चार तिकोनीही घेतल्या. त्या चांगल्या निघाल्या, काकांच्या नाकावर टिच्चून. पण वर्गातून त्या घरी आल्या नाहीत. वर्गात पेन्सिली कुठे जातात हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. नाव लिहिलेल्या जातात, रंगीत टेप गुंडाळलेल्या जातात. वाकड्या तेवढ्या इमानाने परत येतात. इंग्लंडमध्ये बॉरोडेलच्या ग्राफाइटला एवढी किंमत होती, की तिथल्या खाणीतून ते चोरणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा १७५२ मध्ये संसदेला करावा लागला. दुसरी ब मध्ये तो अजून लागू झालेला नाही. "कोणी घेतली?" विचारलं तर चिरंजीव म्हणतात, "कोणी नाही, ती गेली."

काल मात्र उलटा प्रकार घडला. कंपासपेटीतून एक अनोळखी पेन्सिल निघाली. सहा बाजूंची, रंग उडालेली, बुडाशी कोणाच्यातरी दातांच्या खुणा. मी दार लावून घेतलं आणि ती टेबलावर गडगडवली. सरळ गेली. शिसं बरोबर मधोमध. रात्री चिरंजीवांनी तिने पूर्ण पान लिहिलं, टोक एकदाही सुटलं नाही, अक्षर काळंभोर. ती कोणाची आहे हे मी त्यांना विचारलेलं नाही. दप्तरात वाकडी भरून दिली आणि ही घरच्या अभ्यासासाठी कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.