सील फोडल्याचा गुन्हा

परवा एका सात इंची रेकॉर्डचं प्लॅस्टिक नखाने फाडलं, तर शेजारी बसलेला मित्र किंचाळलाच. "अरे, सीलबंद होती! आता काय राहिलं तिच्यात?" म्हटलं, दोन गाणी राहिली की. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

हाही माझ्यासारखाच दुहेरी वेडा. एका कपाटात गॅरेज रॉकच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या हौशी पोरांच्या ओबडधोबड बँडच्या रेकॉर्ड, दुसऱ्यात भूमिगत आणि ऑल्टरनेटिव्ह, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या चौकटीबाहेरची कॉमिक्स. पण त्याच्याकडचं सगळं पिशवीत, मागे पुठ्ठा लावून. माझ्याकडची कव्हरं कोपऱ्यांना मऊ झालेली. कोणाला राग आला तर येऊ दे, पण या वस्तू तिजोरीत ठेवायला कोणी बनवल्याच नव्हत्या.

भूमिगत कॉमिक्सचा चित्रकार रॉबर्ट क्रम्बचंच घ्या. १९५४च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या नियमांनी, अमेरिकेतली कॉमिक्स पार सोवळ्यात बसवली होती. १९६८मध्ये क्रम्बच्या 'झॅप' या कॉमिकचा पहिला अंक आला, तेव्हा क्रम्ब आणि त्याची बायको तो बाबागाडीत भरून सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर विकत फिरले. बाबागाडीत! आणि आपण तो हातमोजे घालून उघडायचा?

त्याच वर्षी क्रम्बने रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या बँडसाठी 'चीप थ्रिल्स' या अल्बमचं कव्हर काढलं. गंमत म्हणजे रॉकशी या माणसाचं कधी जमलंच नाही. त्याचा जीव १९२०-३०च्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत. कॉमिक्सलेखक हार्वी पेकारशी त्याची मैत्री झाली तीही रेकॉर्डच्याच नादातून. पेकार क्लीव्हलँडच्या एका सरकारी इस्पितळात फायली सांभाळायचा. चित्र काढता येत नव्हतं, मग काड्यांची माणसं काढून त्यात संवाद लिहायचा आणि चित्रकारांच्या हातात द्यायचा. १९७६मध्ये त्याने 'अमेरिकन स्प्लेंडर' हे कॉमिक सुरू केलं, तेही पदरमोड करून. दोन्ही छंदांचं गोत्र एकच, हे मी उगाच म्हणत नाही.

आता गॅरेज. किंग्जमेन या बँडचं १९६३चं 'लुई लुई' ऐका. गिटारचा तुकडा संपल्यावर गायक वेळेआधीच घुसतो, चूक कळल्यावर थबकतो, ड्रमर मधली जागा कशीबशी भरून काढतो. तसंच्या तसं छापलं. पुढे शब्द अश्लील आहेत अशा तक्रारी झाल्या, एफबीआयने रेकॉर्ड वेगवेगळ्या गतींवर वाजवून पाहिली आणि ठरवलं की शब्द काही कळत नाहीत. आमच्या घरच्यांचंही मत हेच आहे, त्यांना तपास न करता कळलं.

संग्राहक नसते तर यातलं बरंच कायमचं गेलं असतं, हे मान्य. लेनी के याने १९७२मध्ये 'नगेट्स' या संग्रहात अशी २७ गाणी एकत्र केली, टिम वॉरनने १९८३पासून 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' या संग्रहमालिकेत कोणाला नावही ठाऊक नसलेले बँड उकरून काढले. (त्याची कव्हरं मॉर्ट टॉड या कॉमिक्सवाल्याची. पुन्हा गोत्र!) पण या लोकांनी सापडलेला माल दडवून ठेवला नाही, परत वाजवायला दिला. माझं भांडण आहे ते न वाजवणाऱ्यांशी.

माझ्याकडे एक फोटोकॉपीवर काढलेलं छोटं कॉमिक आहे. स्टेपलरची पिन वाकडी, तिच्याभोवती गंजाचा तांबूस डाग, आणि एक पान चक्क उलटं लागलेलं. ते पान आलं की अख्खं पुस्तक फिरवून वाचावं लागतं. फिरवताना दर वेळी वाटतं, हे ज्याने रात्री बसून जुळवलं तो पेंगत होता. डिजिटल आवृत्तीत हे पान सरळ केलं असतं कोणीतरी, आणि तो पेंगणारा माणूस नाहीसा झाला असता.

परवाच्या त्या रेकॉर्डवरही तसंच. गाणं संपल्यावर लेबलाच्या कडेला जी कोरी पट्टी राहते, तिथे कोणीतरी टोकदार वस्तूने दोन शब्द खरडलेत. दिव्याखाली तिरकी धरली तर दिसतात. पहिला मला लागला, दुसरा अजून लागत नाही. गिटार बेसूर, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि दोन मिनिटांत खेळ खलास. सलग सहा वेळा लावली.

काल मित्राचा मेसेज आला. बाकी काही नाही, एवढंच: "मागची बाजू कशी आहे?"

भिकार आहे, सांगितलं.