एप्रिलमध्ये पंधरा, जुलैमध्ये पंधरा

रविवारी संध्याकाळी आमची आयर्लंडच्या कॉर्क शहरातली गल्ली अशी गप्प झाली होती की कुणाच्या घरात किटली उकळतेय तेही ऐकू यावं. 20 जुलै 2025, हर्लिंग या आयरिश खेळाचा ऑल-आयर्लंड अंतिम सामना, कॉर्क विरुद्ध टिपररी. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. 2005 नंतर पहिल्यांदा कप घरी येणार म्हणून शेजारच्या आजोबांचा पाय घरात ठरत नव्हता. दुसऱ्या अर्ध्या डावात कॉर्कने केलेले गुण: दोन. हो, दोनच! टिपररीने त्याच वेळात 3 गोल आणि 14 पॉइंट ठोकले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हातात अ‍ॅशच्या लाकडाची हर्ली, चेंडू साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा पण हलका. आडव्या दांडीवरून मारला तर पॉइंट, म्हणजे एक गुण, दांडीखाली जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे तीन. त्यामुळे अंतिम निकाल टिपररी 3-27, कॉर्क 1-18 असा लिहिला जातो, आधी गोल, मग पॉइंट. बेरीज केली तर 36-21.

दोन दिवस इथे सगळे एकच विचारतायत, कॉर्कला झालं काय? पेनल्टी हुकली, एक खेळाडू बाहेर गेला, पोरांनी हाय खाल्ली, रेफरी असाच. मला वाटतं प्रश्नच चुकतोय. टिपररीला काय झालं ते बघा.

यासाठी एप्रिलमध्ये जावं लागेल. आधी लीगच्या अंतिम सामन्यात कॉर्कने त्यांना दहा गुणांनी हरवलं होतं. तीन आठवड्यांनी मन्स्टर या आमच्या दक्षिणेकडच्या प्रांताच्या स्पर्धेत पुन्हा इथेच, पार्क ई क्वीव मैदानावर गाठ पडली. आणि चेंडू मैदानात पडण्याआधीच टिपररीचा डॅरा मॅकार्थी लाल कार्ड घेऊन बाहेर! समोरच्याला हर्ली मारली म्हणून. वय 19. सामना पंधरा गुणांनी गेला. त्या दिवशी आम्ही हसलो होतो, खोटं कशाला बोलू. 2024 मध्ये मन्स्टरमध्ये एकही सामना न जिंकलेला संघ, त्यात हा पोरगा.

त्याला घरी बसवणं सोपं होतं. प्रशिक्षक लिअम केहिल यांनी बसवलं नाही. उपांत्य फेरीत किलकेनीविरुद्ध पठ्ठ्या पुन्हा बाहेर, यावेळी दोन पिवळी कार्डं. टिपररी दोन गुणांनी कसेबसे तरले. (त्या सामन्यात शेवटी फलकावरचा स्कोअरच चुकीचा होता. तोही डब्लिनच्या क्रोक पार्कवर, जिथे अंतिम सामनाही होतो! तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.) दोनदा तोंडघशी पाडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती अंतिम सामन्यातले फ्री, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणारे फटके, द्यायचे का? केहिलनी दिले. त्याने 1-13 केले, म्हणजे एकट्याने सोळा गुण. त्यातला गोल पेनल्टीवर. कॉर्कची पेनल्टी मात्र रीस शेलीने अडवली, आणि या गोलरक्षकाने स्वतः मैदानात खेळत एक पॉइंटही मारला.

दोन सामन्यांचं अंतर पंधराच. फक्त बाजू बदलली.

आणि हे सगळे हौशी आहेत. पगार नाही, लिलाव नाही. ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात; कॉर्क, टिपररी या काउंटीच) वाढलात, जिथल्या क्लबकडून लहानपणापासून खेळलात, साधारण तिच्यासाठीच खेळायचं. 82 हजार लोकांसमोर खेळून पुन्हा कामाला किंवा कॉलेजला जायचं. आयपीएलमध्ये दोन सामने वाईट गेले की पोरगा बाकावर जातो, कारण दुसरा विकत घेता येतो. टिपररीला बाहेरून कुणी विकत घेता येत नाही. असलेल्या पोरांनाच मोठं होऊ द्यावं लागतं. केहिलचा विश्वास त्यांचाच, पण अर्धा या व्यवस्थेने भाग पाडलेला, असं माझं मत. मला ती भाग पाडणूक आवडते.

कॉर्कबद्दल वाईट वाटतंच. जूनमध्ये लिमरिकला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून मन्स्टर जिंकलं, उपांत्य सामन्यात डब्लिनला सात गोल मारले. असा संघ वाईट असूच शकत नाही. तीस ऑल-आयर्लंड नावावर आहेत, पण सलग दुसऱ्या वर्षी अंतिम सामना हरले. 2024 मध्ये क्लेअरकडून एका गुणाने, जादा वेळेत.

आजोबांनी लाल-पांढरा झेंडा अजून काढलेला नाही. हे सगळं मराठीत लिहितोय ते बरं. टिपररीच्या पोराचं एवढं कौतुक कुंपणावरून ऐकवायला अजून काही आठवडे जावे लागतील.